पऱ्हाटीची माती

माफी कशी मागायची यावर आमच्या मंडळीत चार बैठका झाल्या. कशाची मागायची यावर एकही झाली नाही. मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या समाजाला तसंच म्हणतो.

वरून पत्र आलं होतं. वरून म्हणजे देवाकडून नव्हे, मुख्य कार्यालयाकडून. परदेशातल्या चर्चच्या लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांची माफी मागितली, त्यांची मुलं बोर्डिंगात कोंडून त्यांची भाषा मोडली म्हणून. तेव्हा इथल्या मंडळ्यांनीही आपापल्या भागातल्या आदिवासींशी समेट करावा, एक रविवार त्यासाठी पाळावा आणि फोटोसह अहवाल पाठवावा, असं त्यात होतं. आमचं गाव तालुक्याचं, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधलं. चर्चच्या आवारात पूर्वी मुलींचं बोर्डिंग होतं, तिथं जंगलातल्या गावांतून गोंड मुली आणून ठेवत. आता त्या इमारतीत इंग्रजी शाळा भरते. म्हणजे समेटाला लागणारं सगळं सामान आमच्याकडे तयारच होतं.

मी त्या बोर्डिंगच्या मेट्रनची मुलगी. शिक्षिका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि चर्चच्या पंचकमिटीवर बायकांच्या वतीनं बसते. बसते, एवढंच. तिथं बोलायला पुरुष पुरेसे आहेत.

आम्ही काही गावचे पाटील नव्हतो. आमचे पणजे गावकुसाबाहेर राहत, विहिरीवर त्यांना चढू देत नसत. अपमान म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि तरीही माझी आई नव्या आलेल्या गोंड मुलींचे केस पहिल्याच दिवशी कापायची. उवा असतात म्हणून. ज्यांना नव्हत्या त्यांचेही कापायची. मुलगी गोंडी बोलली की एका वेळचं जेवण बंद. घरून आणलेलं नाव फाटकाबाहेर आणि रजिस्टरात नवं, बायबलातलं. आपल्याला शिवू न देणाऱ्यांवर राग धरायला आमच्यात ताकद नव्हती. आपल्याहून गरीब माणूस सापडल्यावर मात्र आम्ही सगळं शिकलेलं त्याच्यावर गिरवलं. हे लिहिताना मला लाज वाटते. बैठकीत बोलले असते तर जास्त उपयोग झाला असता.

दोन बहिणी आल्या तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. थोरली बारा-तेराची, धाकटी माझ्याहून थोडी मोठी. विहिरीजवळ धुण्याचा एक चपटा दगड होता, मधे खळगा पडलेला, एका कडेला वीतभर चीर. थोरली त्या दगडावर रोज धाकटीचा फ्रॉक धुवायची. पहिल्याच पावसाळ्यात तिला ताप भरला. मिशनच्या दवाखान्यातून औषध आलं, उतार पडला नाही. कुठून तरी बापाला कळलं आणि तो चालत आला. मी आईचा पदर धरून फाटकात उभी होते.

"पोरीले नेतो," तो म्हणाला. "गावात दाखवतो."

आई म्हणाली, इथं डॉक्टर आहे.

"मंग पाहू तरी द्या, बाई."

आई ओरडली नाही. मऊ आवाजात म्हणाली, "उद्या ये."

तो रात्रभर रस्त्यापलीकडे बसून राहिला असावा, कारण सकाळी फाटक उघडलं तेव्हा तो तिथंच होता. पण थोरली रात्रीच गेली होती. जाण्याआधी घाईघाईनं तिचा बाप्तिस्मा उरकला होता, त्यामुळे ती आता आमची होती, आणि आवारामागच्या आमच्या दफनभूमीत तिला पहाटेच ठेवून आमची गाणीही म्हणून झाली होती. बापानं धाकटीचा हात धरला आणि तिला घेऊन निघून गेला.

तापातून ती गावच्या पुजाऱ्याकडं वाचली असती असं मी म्हणत नाही. कदाचित वाटेतच गेली असती. पण बापाला भेटू द्यायला काय हरकत होती, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

आईनंही ते कधी दिलं नाही. तिनं एवढंच केलं, की विहिरीजवळचा तो दगड उचलवून थोरलीच्या उशाशी बसवला. दफनभूमीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, मोहाच्या झाडाजवळ, बोर्डिंगमधल्या सहा मुली आहेत. बाकी पाचजणींच्या उशाशी साधे धोंडे होते. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी मंडळीतली पोरं-बाया मिळून दफनभूमी साफ करतात, कबरींना चुना लावतात. दरवर्षी आई मला त्या कोपऱ्यात न्यायची. "ही थोरली. तिची बहीण कधी आली तर तिला दाखव." मी हो म्हणायची. आई गेली त्या वर्षीही तिनं हेच सांगितलं.

समेटाचं आमंत्रण द्यायला आम्ही जीपनं गेलो. बोर्डिंगात मुली जिथून यायच्या असं एक गाव निवडलं होतं, गडचिरोलीच्याही पुढं, डांबरी रस्ता सोडून बरंच आत. पाळक होते, म्हणजे आमचे पास्टर. दोन वर्षांपूर्वी अहमदनगरकडून बदलून आलेले, मनानं चांगले, आणि दर वाक्यात 'बांधवांनो' म्हणणारे. पंचांतले वडीलधारे एक होते, ज्यांचा शब्द कमिटीत शेवटचा असतो. आणि बाईमाणूस पाहिजे म्हणून मी. गोटुलाच्या सावलीत, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, माणसं जमली. पाळकांनी पत्रातला मजकूर मराठीत समजावला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. जंगलखात्याचे साहेब, पोलीस, निवडणुकीवाले असं बोलून जातात तेव्हा ऐकतात तसंच.

मग एक म्हातारी उठली. अंगानं काटकी, केस पूर्ण पांढरे आणि कमरेपर्यंत. बोर्डिंगातून गेल्यावर तिनं ते परत कधी कापले नसणार.

"माफी ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "माही बहीण आहे तुमच्या तिथी. ती द्या."

पाळक गोंधळले. तिनं सांगितलं. त्यांच्या कुळात मेलेल्या माणसाचा दगड गावाबाहेर उभा करतात, तेव्हा तो आपल्या लोकांत जाऊन मिळतो. बाहेर मेलेल्याला आणायचं तर तो जिथं पुरला तिथली मूठभर माती लागते, तिच्यावर दगड उभा राहतो. "बाचा दगड आहे, मायचा आहे. मधात तिची जागा सोडून ठेवली आहे. मी मेली तं माती आणाले कोणी उरणार नाई."

पाळकांनी तिथंच शब्द दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खरं होतं. "समेटाच्या रविवारी तुम्ही या, आजी. सन्मानानं तुमच्या हातात देऊ."

"कोणती आहे ते ठाऊक आहे का तुमाले?"

पाळक म्हणाले, रजिस्टर आहे. रजिस्टरात नवं नाव आणि मेल्याची एक फुली असते, पुरल्याची जागा नसते. ही त्या दोघींतली धाकटीच, हे मला कळून चुकलं होतं. मी पुढं होऊन म्हटलं, "मला ठाऊक आहे. मी दाखवीन."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "तू मेट्रनबाईची पोरगी होय?" मी हो म्हटलं. ती वाट पाहत असल्यासारखी थांबली. फाटकातली गोष्ट ओठांवर आली होती, पण वडीलधारे शेजारी उभे होते, आणि आईचं नाव मंडळीत अजून आदरानं घेतात.

चौथी बैठक तयारीची होती. बिशपसाहेब येणार होते. पूर्वेच्या कोपऱ्यात झुडपं माजलीत, तिथं पाहुण्यांना नेणार कसं, असा प्रश्न निघाला. तो कोपरा सपाट करायचा, सिमेंटचे ब्लॉक बसवायचे, मधे काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक आणि भोवती गुलाबाचे वाफे, असं ठरलं. ठेकेदार मंडळीतलाच होता.

"तिथं कबरी आहेत," मी म्हटलं.

"आहेत म्हणूनच तर स्मारक करतोय," वडीलधारे म्हणाले. सगळे हसले.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की चीर पडलेला तो दगड हलवू नका, त्याखाली कोण आहे ते मला माहीत आहे. पण तुम्हाला कसं माहीत, असं कोणी विचारलं असतं तर आई आली असती, फाटक आलं असतं, रस्त्यापलीकडे रात्रभर बसलेला बाप आला असता. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मनाशी म्हटलं, काम सुरू होईल तेव्हा उभी राहून दगड बाजूला ठेवायला लावीन, खूण करून घेईन. दोन दिवसांनी भद्रावतीहून मुलीचा फोन आला, तिचे दिवस भरत आले होते. जावई तिथल्या कारखान्याच्या कॉलनीत राहतात. मी गेले. नात झाली. दहा-बारा दिवस मी तिला मांडीवर घेऊन बसले आणि दफनभूमीची मला आठवणही झाली नाही.

परत आले त्या दिवशी बसमधून उतरून तशीच पिशवी घेऊन तिकडं गेले. कोपरा राहिलाच नव्हता. लाल-करडे ब्लॉक भिंतीपासून भिंतीपर्यंत, सांध्यांत सिमेंट भरलेलं. मोहाचं झाडही तोडलं होतं, पानगळीनं घाण होते म्हणून. ग्रॅनाइट बसवायला आलेला मिस्त्री तेवढा तिथं होता, गावातला मुसलमान माणूस, माझा जुना विद्यार्थी.

"बाई, मी विचारलं होतं," तो म्हणाला. "आमच्यात कबरीवर पाय नाई देत. म्हटलं, इथी माणसं आहेत ना? ते म्हणले, वरून सजवून राह्यलो ना आपण. मंग जेसीबी आला. एक दगड तेवढा मी बाजूले काढला, चीर असलेला. बसवलेला वाटला म्हणून."

"कुठं होता तो? जागा आठवते?"

त्यानं ब्लॉकांवरून नजर फिरवली. "झाड होतं तवा सांगता आलं असतं."

दगड त्यानं नळाजवळ ठेवला होता. मजूर त्याच्यावर कपडे धूत होते.

समेटाच्या रविवारी गावातून आठ-नऊ माणसं आली. स्टँडवरून चालतच आली, कारण जीप बिशपसाहेबांना आणायला गेली होती. म्हातारी नव्या लुगड्यात होती. हातात पळसाच्या पानांचा शिवलेला द्रोण आणि तो बांधायला पांढरा कपडा. पूर्वेच्या कोपऱ्यात मांडव होता, ब्लॉकांवर खुर्च्या. पुण्याच्या दुकानातून मागवलेला बॅनर होता. गाणं झालं, प्रार्थना झाली. मग प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुताना बांधला होता तसा पाळकांनी कमरेला टॉवेल बांधला आणि प्लास्टिकच्या टबात पाहुण्यांचे पाय धुतले. म्हातारीचे धुतले, पुसले. फोटोग्राफर म्हणाला, "पुन्हा एकदा, जरा वर बघा." पाळकांनी धुतलेले पाय पुन्हा धुतले. ती टबातल्या पाण्याकडं बघत राहिली.

त्याच्या आधी, सकाळी, एक गोष्ट घडली होती. भगिनी मंडळाच्या बायकांनी पितळी कलश घासून आणला होता, आता त्यात माती भरायची होती. ब्लॉकांखालची कशी काढणार? एकीनं गुलाबाच्या वाफ्यातून ओंजळभर घेतली. वाफ्यात भरायची माती ट्रॉलीनं आणली होती, कोरपन्याजवळ शेत असलेल्या एका पंचानं दिली होती. मी तिथं उभी होते. ही ती माती नाही, असं मी म्हटलं नाही. कलशाला जांभळी रिबन मी स्वतः बांधली, आणि ती चांगली बसली.

बिशपसाहेबांनी कलश म्हातारीच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. तिनं खुर्चीवर बसून रिबन सोडली. चिमूट घेतली, तळहातावर चोळली, थुंकी लावून ओली केली. काळी माती बोटांना चिकटली.

"हे पऱ्हाटीची माती आहे," ती म्हणाली. माइक समोरच होता, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "कोरपन्याकडची. कापूस वेचाले जात होतो मी तिकडं, नखातून निघत नाई ही. इथची माती धानाची आहे, रेताड."

वडीलधारे पुढं झाले. "अहो आजी, माती ती माती. देवाला सगळं ठाऊक आहे."

"मंग तुमी काऊन दिली? मीच घेतली असती कुठूनही."

तिनं कलश ब्लॉकांवर उपडा केला, माती एका बाजूला लोटली, कलश पदरानं पुसून बिशपसाहेबांना परत दिला.

"तुमची माफी झाली ना? आता माही बहीण द्या."

गायनप्रमुखानं बोटांनी खूण केली आणि गाणाऱ्या मुलींनी पुढचं गीत सुरू केलं. मी उठले. वडीलधाऱ्यांना म्हटलं, ब्लॉक उचला, थोडे तरी उचला. ते म्हणाले, "आता पाहुणे जेवायचेत, बाई. उद्या बघू."

मी तिला नळाजवळ नेलं. दगड तिनं लगेच ओळखला. खाली बसून खळग्यात तळहात ठेवला. "ह्याच्यावर माहा फ्रॉक धुवे ती," म्हणाली. मग विचारलं, "हा कुठी होता?"

मी सांगितलं, ठाऊक नाही. ठाऊक होतं, आता नाही. आणि मग मी तिला फाटकातलं सगळं सांगितलं. साठ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते साबणाच्या पाण्यात उभं राहून सांगितलं. बाप आला होता, पाहू द्या म्हणाला होता, माझ्या आईनं पाहू दिलं नाही.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी खिडकीत होतो. तू पदर धरून होतीस. गावात आलीस तवा मले वाटलं, सांगशील."

दगड तरी न्या, मी म्हटलं. उचलायला माणसं देते.

"खाली ती नाई तं दगड काय करू?" पानांचा द्रोण तिनं कपड्यात गुंडाळला आणि आपल्या माणसांत जाऊन बसली. जेवली नाही.

अहवाल गेला. त्यात पाय धुतानाचा फोटो आहे, दुसऱ्यांदा धुतानाचा. मुख्य कार्यालयानं आमच्या मंडळीचं कौतुक कळवलं. मी कमिटीला तीन अर्ज दिले. तिसऱ्याला उत्तर मिळालं, की ब्लॉक काढले तर ठेकेदाराची गॅरंटी राहणार नाही. पाळकांनी मला एकटीला गाठून सांगितलं, की त्यांना झोप लागत नाही. मी म्हटलं, मग सब्बल घ्या आणि ब्लॉक उचका. त्यांनी घेतली नाही, चार महिन्यांनी बदली घेतली.

सब्बल शेवटी मिस्त्रीनं आणली. एका दुपारी शाळा चालू असताना आम्ही दोघांनी अंदाजानं चार ब्लॉक काढले. खाली मुरूम, त्याखाली माती. मी ओंजळीनं काढली आणि बिस्किटांच्या डब्यात भरली. ती रेताड आहे, धानाची आहे, त्या कोपऱ्याची आहे. पण जेसीबीनं सहाही मुलींची माती एकत्र केली होती, त्यातली थोरली कोणती हे मला सांगता येणार नाही. डबा माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. खोटं दिलं नाही म्हणून मन हलकं होत नाही, आणि खरं आहे असं म्हणायला तोंड नाही. ती चिमूट घेऊन चोळेल, माझ्याकडं बघेल, आणि विचारेल.

परवाच्या बाजारात त्या गावची एक बाई टोपल्या विकायला बसली होती. मला ओळखून तिनं हाक मारली.

"बाई, म्हातारी विचारून राह्यली, सापडली का म्हणे. तिले आता उठवत नाई. ते मधातली जागा सुनेकडून रोज झाडून घेते."

डबा तिथून दहा मिनिटांवर होता. दुपारची बस अजून लागायची होती.

"पुढच्या बाजारी देते," मी म्हटलं. ती बरं म्हणाली आणि टोपल्या लावू लागली. मी घराकडं वळले. आईनंही फाटकात असाच मऊ आवाज काढला होता.